लोअर परळमध्ये ‘लॉफ्ट अपार्टमेंट’ विकाऊ आहे. माळ्याच्या क्षेत्राचेही पैसे द्यायचे का?

गिरणगावची नात

नमस्कार. रविवारपर्यंत दोन लाखांचा टोकनचा चेक मागितलाय. म्हणून आजच लिहितेय, पण एकही तपशील गाळत नाही.

डिलाईल रोडच्या आतल्या एका गल्लीत जागा विकायला आहे. जाहिरातीत लिहिलंय ‘लॉफ्ट अपार्टमेंट, अपर वरळी, ६१० चौरस फूट, २ कोटी १० लाख’. इमारत १९७४ची, चार मजली, लिफ्ट नाही, सोसायटी नोंदलेली. जागा तळमजल्यावर, मागच्या बाजूला. तिथे पूर्वी छापखाना होता, त्यामुळे छत चांगलं साडेतेरा फुटांवर आहे. छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्यांना उजेड मिळावा म्हणून उत्तरेला भिंतभर खिडकी ठेवलेली, ती अजून तशीच आहे. एका कोपऱ्यातल्या फरशीवर शाईचे डाग आहेत. सध्याच्या मालकांनी दहा वर्षांपूर्वी जागा घेतली, मागच्या भागात लोखंडी गर्डर टाकून माळा बांधला, त्यावर सागवानी फळ्या मारल्या आणि चढायला लोखंडी जिना केला. एका भिंतीचं प्लास्टर काढून विटा उघड्या ठेवल्यात. संध्याकाळी पाच वाजता मी तिथे उभी होते. त्या खिडकीतून येणारा उजेड डोळ्यांपुढून जात नाही, हे आधीच सांगून टाकते.

मी स्वतः टेप घेऊन गेले होते. खालचा भाग ३९५ फूट, करारातही कार्पेट (भिंतींच्या आतलं क्षेत्र) तेवढंच आहे. माळा २१५ फूट. दोन्ही मिळून जाहिरातीतले ६१०. माळ्याखाली उभं राहिलं की डोक्यावर ७ फूट २ इंच, माळ्यावर उभं राहिलं की छतापर्यंत ५ फूट १० इंच. म्हणजे मालकांच्या हिशेबाने दर फुटाला जवळपास साडेचौतीस हजार पडतो, आणि फक्त करारातलं क्षेत्र धरलं तर त्रेपन्न हजारांच्या वर जातो. सोसायटीचा महिन्याचा खर्च ४,८६० रुपये, त्यात २,१५० महापालिकेच्या कराचे.

हीच जागा का, तेही सांगते. माझे आजोबा राजापूरकडून आले आणि गिरणीत बदलीवर, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, लागले, पुढे साचाखात्यात (विणकामाच्या विभागात) कायम झाले. या जागेपासून दोन गल्ल्या सोडून त्यांची खोली होती, दहा बाय बाराची. नऊ माणसं. बाबा आणि दोन काका पोटमाळ्यावर झोपायचे. तिथे उभं राहता येत नसे, गुडघ्यांवर सरकत आपापल्या गोधडीपर्यंत जायचं. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि आजोबा पुन्हा साच्यावर उभे राहिले नाहीत. खोली गेली, आम्ही डोंबिवलीला आलो. बाबा आता सत्तरीला आलेत. माझं ऑफिस एका जुन्या गिरणीच्या आवारात आहे. रोज डोंबिवलीहून करी रोडला उतरून मी आजोबांच्याच रस्त्याने चालत कामाला जाते. आई गेल्यापासून बाबा दिवसभर एकटे असतात. त्यांना परत इथे आणायचं, हे मी गेली चार वर्षं पैसे साठवताना ठरवलेलं आहे.

प्रश्न दोन. माळ्याच्या २१५ फुटांचे पैसे पूर्ण दराने द्यायचे असतात का? आणि बँक त्यावर कर्ज देते का?

---

जुना ड्राफ्ट्समन

ताई, मी दादरच्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात एकतीस वर्षं नकाशे काढले. तुम्ही टेपने मापं घेतलीत म्हणून उत्तर देणं सोपं झालंय. बहुतेक लोक नुसते फोटो टाकतात.

माळ्याचं आधी बघू. मुंबईच्या विकास नियमांत ‘लॉफ्ट’ म्हणजे सामान ठेवायची जागा, आणि तिची उंची जास्तीत जास्त दीड मीटर. तुमच्या माळ्यावर ५ फूट १० इंच आहेत, म्हणजे पावणेदोन मीटरच्या वर. तेव्हा नियमातला लॉफ्ट तो नव्हे. राहण्याच्या खोलीला साधारण पावणेतीन मीटर उंची लागते, ती तुमच्या माळ्याला वरही नाही आणि खालीही नाही. म्हणजे सामानाच्या माळ्यापेक्षा तो उंच आणि खोलीपेक्षा बुटका. अशा माळ्याचं क्षेत्र एफएसआयमध्ये, म्हणजे भूखंडावर जेवढं बांधकाम करता येतं त्यात, मोजलं जातं. बांधण्याआधी महापालिकेची परवानगी घेतली असेल तर मंजूर नकाशात तो दिसेल. नकाशात नसेल तर ते अनधिकृत बांधकाम. कोणीही तक्रार केली की महापालिका अधिनियमाच्या कलम ३५१ ची नोटीस येते, आणि ती त्या वेळी जो मालक असेल त्याच्या दारावर लागते. बांधलं कोणी, हे तेव्हा कामाला येत नाही.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर, माळ्याचे पैसे पूर्ण दराने द्यायचे नाहीत. तुम्ही ३९५ फूट विकत घेताय. कधी इमारतीचा पुनर्विकास झाला तर हक्क त्या ३९५वरच मोजला जाईल, माळ्याचा एक फूटही धरणार नाहीत. लोखंडाची आणि सागवानाची आजची किंमत मालकांना द्यायची तर द्या, ती दोन-तीन लाखांच्या पुढे जात नाही.

आता गर्डरचं. परत गेलात तर त्याची टोकं कशात गेलीत ते बघा. कॉलमला प्लेट आणि बोल्ट लावून बसवलाय, की वीटभिंतीत खाच पाडून टेकवलाय? १९७४ची इमारत आहे, वर तीन मजले आहेत. कॉलम फोडून सळीला वेल्डिंग केलेलं मी दोन ठिकाणी स्वतः पाहिलंय. इमारतीला तीस वर्षं झाली की महापालिका अधिनियमाच्या ३५३बी खाली संरचनात्मक स्थैर्याचा दाखला घ्यावा लागतो. सोसायटीकडे तो मागा, आणि तो देणाऱ्या अभियंत्याने हा माळा पाहिला होता का, हेही विचारा. प्लास्टर काढलेली भिंत बाहेरची असेल तर पावसाळ्यात विटांना ओल येणार. उघड्या ठेवायच्या म्हणून त्या विटा कोणी रचल्या नव्हत्या.

पण तुमच्या पोस्टमध्ये मला माळ्याहून मोठी गोष्ट दिसते आहे. छापखाना. आणि महिन्याला २,१५० रुपये कर.

२०२२ पासून मुंबई महापालिकेच्या हद्दीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ आहे. तुमचं कार्पेट ३९५. ते महापालिकेच्या दप्तरी घर असतं तर सोसायटीच्या बिलात त्या रकान्यात काही यायला नको होतं. तिथे २,१५० येतायत, म्हणजे ही जागा अजून गाळा, म्हणजे व्यापारी जागा म्हणूनच नोंदलेली असण्याची शक्यता खूप आहे. माझी चूक असेल तर मला आनंदच होईल, पण टोकन देण्याआधी तीन कागद बघाच. बेस्टचं वीजबिल, त्यावर वर्गवारी घरगुती आहे की वाणिज्य. मंजूर नकाशा, त्यात त्या जागेवर काय लिहिलंय. आणि सध्याच्या मालकांनी घेतलं तेव्हाचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या कराराचा गोषवारा, त्यात मिळकतीचं वर्णन असतं. इंडेक्स टू नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये तुम्हाला घरबसल्या दिसेल, त्यासाठी एजंटची गरज नाही.

---

कर्जखाते

मी बँकेत गृहकर्ज विभागात आहे, थोडक्यात लिहितो.

७५ लाखांच्या वरच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येतं, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ती किंमत बँकेचा व्हॅल्युअर ठरवतो आणि तो मंजूर नकाशा घेऊन येतो. नकाशात नसलेला माळा आमच्या अहवालात शून्य. २ कोटी १० लाखांचा करार केलात आणि व्हॅल्युअरने दीड कोटी लिहिले, तर कर्ज दीड कोटीच्या ७५ टक्के, म्हणजे १ कोटी १२ लाख ५० हजार. वरचे सगळे, मुद्रांक शुल्कासह, तुमचे तुम्ही उभे करायचे.

वरच्या काकांचा संशय खरा निघाला तर गृहकर्ज मिळतच नाही. व्यापारी जागेचं कर्ज वेगळं असतं, त्याचा दर जास्त आणि मुदत कमी. मुद्रांक शुल्कही बदलतं. मुंबईत घरावर ६ टक्के आहे, बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर ५. ही सवलत फक्त घराला आहे, गाळ्याला नाही. तुमच्या किमतीवर हा फरक २ लाख १० हजारांचा होतो. घर घेतलंत आणि सोबत वडिलांचं नाव घातलंत तरी सवलत जाते, तेवढं लक्षात ठेवा.

किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असली की विकणाऱ्याला पैसे देताना १ टक्का कर कापून तो तुम्हीच सरकारजमा करायचा असतो. हे बरेच जण विसरतात आणि मागून नोटीस येते.

---

करी रोडची मावशी

अगं, तुझी पोस्ट दोनदा वाचली. आमचीही दहा बाय बाराच. माझी आई खानावळ चालवायची, तिन्ही पाळ्यांची. पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आधी आमच्याकडे भाकऱ्या थापून झालेल्या असायच्या. पोटमाळ्यावर पिठाचे डबे, गोधड्या, गणपतीचा पाट, आणि रात्री आम्ही भावंडं. तुझे बाबा कुठे झोपायचे ते मला न बघताही दिसतं.

म्हणून तुला कागदांपलीकडचं सांगते. कागदाचं काकांनी नीट सांगितलंय.

तळमजला आहे ना? मग पाण्याचं विचार. एजंटला विचारू नको, शेजारच्या दुकानदाराला विचार. इस्त्रीवाला असेल तर उत्तम, त्याचं टेबल कुठवर भिजलं ते तो बोटाने दाखवतो. २९ ऑगस्ट २०१७ला आमच्या गल्लीत गुडघ्याच्या वर पाणी होतं आणि ते रात्रभर उतरलं नाही. त्यानंतर आम्ही फ्रिजखाली विटा लावल्या, त्या अजून काढलेल्या नाहीत. एकाच रस्त्यावर दोन गल्ल्यांत फरक असतो, एकीत पाणी भरतं आणि दुसरीत नाही. तेव्हा ‘लोअर परळला पाणी भरतं’ एवढ्यावर घाबरूही नको आणि ‘आता भरत नाही’ एवढ्यावर विश्वासही ठेवू नको. आतल्या भिंतीवर खालून दोन-तीन फुटांपर्यंत रंग वेगळा दिसतोय का, फुगलाय का, ते बघ. छापखान्याची यंत्रं चौथऱ्यावर असायची. माणसाची गादी कुठे असणार?

दुसरं बाबांचं. तू त्यांना परत आणतेयस, फार मोठं काम करतेयस. पण झोपायचं कुठे ठरवलंयस? माळ्यावर तू आणि खाली ते असं असेल तर ठीक. रात्री कोणी आजारी पडलं तर तुला त्या लोखंडी जिन्यावरून झोपेत उतरावं लागेल, ते धर. आणि ते माळ्यावर झोपणार असतील तर टोकनआधी एकदा त्यांना तिथे ने. चढायला सांग आणि मग उतरायला सांग. चढताना काही कळत नाही. माझ्या यजमानांचे गुडघे गेले ते मला उतरताना कळलं.

दार एकच आहे का, तेही लिही. मागच्या बाजूची जागा म्हणालीस. कमला मिलच्या आवारात डिसेंबर २०१७ला आग लागली, चौदा माणसं गेली. आमच्या घरातून धूर दिसत होता. धूर वर चढतो आणि माळा वरच असतो. त्या मोठ्या खिडकीला ग्रिल असेल तर त्यात उघडणारा भाग आहे का, हे बघितल्याशिवाय परत येऊ नको.

आणि हे लोअर परळच आहे बरं. माझ्या रेशनकार्डावर, माझ्या आईच्या मृत्यूच्या दाखल्यावर तेच नाव आहे. जाहिरातीत काही लिहू देत, तू तरी अपर वरळी म्हणू नकोस.

---

गिरणगावची नात

काका, मावशी, कर्जखाते, तिघांचेही मनापासून आभार. टोकन दिलेलं नाही. काय काय झालं ते क्रमाने लिहिते, म्हणजे पुढे कोणी अशी जागा बघत असेल त्याला उपयोग होईल.

ई-सर्चमध्ये इंडेक्स टू मिळाला. मिळकतीच्या वर्णनात सरळ ‘गाळा क्रमांक’ लिहिलंय. कुठेही सदनिका नाही. वीजबिल एजंटने द्यायला टाळाटाळ केली, मग मी मालकांनाच फोन केला. ते गृहस्थ चांगले आहेत, चित्रकार आहेत. त्यांनी लगेच फोटो पाठवला. वर्गवारी वाणिज्य. त्यांनी ती जागा स्टुडिओ म्हणून घेतली होती आणि हळूहळू तिथेच राहायला लागले. माळ्याची परवानगी घेतली नव्हती, हेही त्यांनी स्वतःहून सांगितलं. ‘अपार्टमेंट’ हा शब्द एजंटचा. घर म्हणून वापर बदलून घेता येईल का, असं मी विचारलं. त्यांनी आधी एकदा प्रयत्न केला होता, पण सोसायटीने संमती दिली नव्हती.

शनिवारी बाबांना घेऊन गेले. मावशी, तुम्ही सांगितलंत तसंच केलं. इस्त्रीवाला नव्हता, कोपऱ्यावर किराणावाला होता. तो म्हणाला, २०१७ला त्याच्या दुकानात दोन फळ्या बुडाल्या होत्या, त्यानंतर पाणी पायरीपर्यंत येतं, आत नाही. भिंतीचा खालचा रंग खरंच वेगळा होता. मी पहिल्यांदा गेले तेव्हा खिडकीकडेच बघत राहिले आणि भिंतीकडे बघितलंच नाही.

खिडकीला बाहेरून पूर्ण ग्रिल, उघडणारा भाग नाही. दार एकच.

बाबा माळ्यावर चढले. वर गेल्यावर सरळ उभे राहिले, हात वर करून छताला लावला आणि मला हाक मारली, “अगं, उभं राहता येतंय.” दोन-तीन मिनिटं ते तसेच उभे होते. मग खाली उतरताना उलटे उतरले, दोन्ही हातांनी कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. तेरा पायऱ्यांना किती वेळ लागला ते मी मोजलं नाही. खाली आल्यावर त्यांनी फरशीवरच्या शाईच्या डागांवरून चपलेचा अंगठा फिरवला आणि मालकांना विचारलं, छापखाना कधी बंद झाला. मालकांना माहीत नव्हतं.

मालक १ कोटी ४० लाखांपर्यंत खाली यायला तयार आहेत. मी नाही म्हटलं. गृहकर्ज नाही, सवलत नाही, माळा कधी काढायला लागेल सांगता येत नाही, आणि बाबांना तिथे रोज उतरवणं मला जमणार नाही. नाही म्हणताना फार जड गेलं. त्या उजेडासाठी मी अजून दोन रात्री आकडेमोड करत होते, पण कर्जाचा आकडा काही हलला नाही.

आता करी रोड स्टेशनजवळ दुसरी जागा बघितली आहे. १९८१ची इमारत, पहिला मजला, कार्पेट ३४०. वीजबिल घरगुती. सोसायटीच्या बिलात महापालिकेच्या कराचा रकाना रिकामा, या वेळी तोच आधी बघितला. स्थैर्याचा दाखला आहे. छत साधं, नेहमीचं. खिडकी पूर्वेला, रुळांच्या बाजूला, त्यामुळे गाड्यांचा आवाज येतो. बाबा म्हणाले, गाडीचा आवाज चालेल.

काका, एक विचारायचं आहे. त्या जागेच्या मंजूर नकाशाची प्रत सोसायटीने दिली. नकाशात मोरी आणि संडास वेगवेगळे दाखवलेत, प्रत्यक्षात मधली भिंत काढून एक केलंय, आणि स्वयंपाकघराचा ओटा मागच्या गॅलरीत सरकवलाय. यातलं किती चालतं?

---

जुना ड्राफ्ट्समन

मधली भिंत चार इंची असेल तर फार काळजी नको, पण खालच्या मजल्यावर गळती आहे का ते विचारा. नुसतं विचारू नका, खालच्यांच्या घरी जाऊन छत बघून या.

गॅलरीतला ओटा मात्र मालकांच्या खर्चाने परत आत घ्यायला सांगा, करार होण्याआधी. गॅलरी वेगळी बाहेर काढलेली असेल तर तिचा स्लॅब ओटा, सिलिंडर आणि भांड्यांच्या वजनासाठी केलेला नसतो, आणि १९८१ची सळी आता किती उरली असेल ते वरून दिसत नाही.

नकाशाचा फोटो इथे टाकू नका, मला निरोपातून पाठवा. मोजमापाच्या रेषा दिसतील असा, सरळ वरून काढा. रविवारी सकाळी बसतो.